'अप्रूव्हड' दिसतंय, पण शिष्यवृत्ती खात्यात येत नाही : महाडीबीटीवर दरवर्षी अडकणाऱ्यांसाठी

महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, अर्जासमोर 'अप्रूव्हड' (मंजूर) दिसतंय, वर्गातल्या इतरांचे पैसे येऊन खर्चूनही झाले, आपल्या पासबुकात मात्र एन्ट्री नाही. किंवा पहिल्या वर्षी सगळं सुरळीत झालं आणि दुसऱ्या वर्षी नेमकी माशी शिंकली. महाविद्यालयातल्या शिष्यवृत्तीच्या खिडकीवर ही दोन गाऱ्हाणी दरवर्षी येतात, आणि पुष्कळदा त्याच त्याच मुलांची येतात. पहिल्या खेपेला पैसे कसेबसे सुटले की ते अडकले कुठे होते हे कुणी विचारत नाही, म्हणून पुढच्या वर्षी तिथेच अडकतात.

इथे मी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, ओबीसी-व्हीजेएनटीची (विमुक्त जाती-भटक्या जमाती) शुल्क प्रतिपूर्ती आणि राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती (जिला सगळे अजूनही ईबीसीच म्हणतात) घेणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवलंय. योजना वेगळ्या, खाती वेगळी, पण अडकण्याच्या जागा बहुतेक सारख्याच.

पहिलं पथ्य : पैसे आले नाहीत म्हणून नवा अर्ज भरू नका. कॅफेवाला "परत टाकून बघू" म्हणेल. टाकू देऊ नका.

अर्ज कुणाच्या टेबलावर आहे?

तुम्ही 'सबमिट' केल्यावर अर्ज आधी महाविद्यालयातल्या लिपिकाच्या लॉगिनला जातो, तिथून प्राचार्यांच्या, मग संबंधित विभागाच्या जिल्हा किंवा विभागीय कार्यालयाकडे. तिथे मंजुरी मिळाल्यावर देयक तयार होतं आणि रक्कम निघते. अर्ज केलेल्या योजनांच्या यादीत ही सगळी वाटचाल दिसते. म्हणजे 'पेंडिंग' हा शब्द वाचून थांबायचं नाही, पेंडिंग कुणाकडे आहे ते वाचायचं.

महाविद्यालयाच्या पातळीवर अडकला असेल तर जिल्ह्याच्या कार्यालयात खेटे घालून उपयोग नाही, ते तुम्हाला महाविद्यालयातच परत पाठवतील. बहुतेक वेळा लिपिकाला मूळ कागद बघायचे असतात आणि तुम्ही हार्ड कॉपी दिलेलीच नसते. ऑनलाइन भरला म्हणजे झालं, असं समजून प्रिंट घरीच राहते. प्रिंट, दाखले, मागच्या वर्षाची गुणपत्रिका, प्रवेशाची पावती असा गठ्ठा करून नेऊन द्या आणि पोच घ्या.

'सेंट बॅक' म्हणजे अर्ज नाकारलेला नाही. त्रुटी लिहून तुमच्याकडे परत पाठवलाय. दुरुस्त करून पुन्हा सबमिट करायचा असतो आणि त्याला मुदत असते. ही मुदत गेली की अर्ज बाद होतो आणि मुलं म्हणतात, "मला काही कळवलंच नाही." कळवलेलं असतं, पण लॉगिन बनवताना दिलेल्या मोबाइलवर. तो नंबर कॅफेवाल्याचा असेल तर संदेश त्याला गेलेला असतो. प्रोफाइलमधला मोबाइल आणि ईमेल स्वतःचा आहे का, हे आजच बघा.

मंजूर आहे, पैसे नाहीत

सगळ्यात जास्त मुलं इथे अडकतात, आणि कारण एकच : पैसे कुठल्या पत्त्यावर जातात याबद्दलचा गैरसमज. अर्जाबरोबर आपण पासबुकाची झेरॉक्स जोडतो, खाते क्रमांक, आयएफएससी जपून तपासतो. पण थेट लाभ हस्तांतरणाचा (डीबीटी) पैसा खाते क्रमांकावर जात नाही, आधार क्रमांकावर जातो. एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेकडे एक नोंदवही आहे, तिला मॅपर म्हणतात. कुठला आधार सध्या कुठल्या बँकेशी जोडलेला आहे, एवढंच त्यात असतं. तिथे जी बँक असेल तिच्याकडे रक्कम जाते. एका आधारसमोर एका वेळी एकच बँक. शेवटी जिथे संमती दिली, ती बँक आधीच्या बँकेची जागा घेते.

आणि बँकेच्या काउंटरवर मिळणारं "तुमचं आधार लिंक आहे" हे उत्तर बऱ्याचदा खरं असूनही निरुपयोगी असतं. केवायसीसाठी, म्हणजे बँकेच्या ओळख पडताळणीसाठी, खात्याला आधार जोडणं वेगळं आणि डीबीटीसाठी एनपीसीआयच्या मॅपरवर सीडिंग, म्हणजे त्या बँकेची नोंद, होणं वेगळं. पहिलं झालं म्हणून दुसरं होत नाही.

तपासायला दोन मिनिटं लागतात. 'माय आधार' संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपीने लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' उघडा. बँकेचं नाव, सीडिंग चालू आहे की बंद आणि शेवटच्या बदलाची तारीख दिसेल. साधा फोन असेल तर *९९*९९*१# डायल करून आधार क्रमांक टाका, तेच कळतं. जे दिसेल त्यावर पुढचा उपाय.

*काहीच बँक दिसत नाही किंवा 'इनॅक्टिव्ह' आहे.* बँकेत जाऊन 'आधार सीडिंगचा संमती अर्ज' मागा आणि तोंडी सांगताना "डीबीटीसाठी एनपीसीआय मॅपिंग करायचंय" असंच म्हणा. नुसतं "आधार लिंक करा" म्हणालात तर केवायसीवर टिक मारून पाठवतील. एनपीसीआयच्या संकेतस्थळावर ग्राहकांसाठी 'भारत आधार सीडिंग एनेबलर' ही सोय आहे, तिथून घरबसल्याही विनंती टाकता येते, मात्र तुमची बँक त्या यादीत असली पाहिजे. काही दिवसांनी स्टेटस पुन्हा बघा. अर्ज दिला म्हणजे काम झालं असं धरू नका.

*भलतीच बँक दिसते.* पैसे बुडालेले नाहीत, तिथे गेलेत. हे सिमकार्ड घेताना किंवा गावात एखाद्या शिबिरात अंगठा देताना उघडलेल्या पेमेंट बँकेच्या खात्यांमुळे फार होतं. २०१७ मध्ये एअरटेलच्या दुकानांत सिम पडताळणीबरोबर पेमेंट बँकेची खाती उघडली गेली आणि अनेकांची गॅसची सबसिडी तिकडे वळली. शेवटी त्याच डिसेंबरात आधार प्राधिकरणाने त्यांचा ई-केवायसी परवाना स्थगित केला होता. टपाल खात्याच्या पेमेंट बँकेची खातीही गावोगावी उघडलेली आहेत. ती उत्तम चालतात, फक्त आपलं तिथे खातं आहे हे माहीत हवं. दिसलेल्या बँकेत जाऊन आधारवरून खातं शोधायला सांगा, पैसे काढा, आणि नको असेल तर हव्या त्या बँकेत संमती अर्ज देताना आधीच्या बँकेचं नाव लिहून सीडिंग हलवून घ्या.

*बँक बरोबर, सीडिंगही चालू, तरी पैसे परत जातात.* आता खात्यातच खोट आहे. आठवी-नववीत शाळेने उघडून दिलेलं अज्ञान मुलाचं खातं अठरा पूर्ण झाल्यावर नव्याने केवायसी आणि सही देऊन सज्ञान म्हणून करून घ्यावं लागतं. ते न केल्यास व्यवहार गोठतात. दुसरा प्रकार म्हणजे अपुऱ्या कागदांवर उघडलेलं 'स्मॉल अकाउंट'. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशा खात्यात वर्षभरात एकूण १ लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही, शिल्लक ५० हजारांच्या वर राहू शकत नाही आणि महिन्याला १० हजारांपेक्षा जास्त काढता येत नाहीत. सरकारी लाभाला शिल्लकेच्या मर्यादेतून सूट आहे, पण काढण्याच्या मर्यादेचं काय? अभियांत्रिकीचं शुल्क खात्यात आलं आणि महिन्याला दहाच हजार निघणार असतील, तर महाविद्यालयाला भरणार कसं? जनधन खात्यांमध्ये असा प्रकार असू शकतो. शाखेत जाऊन "खातं पूर्ण केवायसीचं करा" असा अर्ज द्या. आधार आणि पॅन, पॅन नसेल तर त्याबद्दलचं घोषणापत्र (फॉर्म ६०), एवढ्यावर काम होतं.

ग्रामीण बँकेत खातं असणाऱ्यांनी आणखी एक बघावं. १ मे २०२५ पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. विलीनीकरणानंतर सीडिंग नीट दिसतंय ना, एवढं तपासून घ्या. आणि पतसंस्थेचं पासबुक कितीही जाडजूड असलं तरी पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, डीबीटी तिथे येत नाही. आईच्या खात्यातही येणार नाही, कारण आधार तुमचा आहे.

*आधारच बंद आहे.* वयाच्या पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे व डोळ्यांची नोंद नव्याने द्यावी लागते. पंधराव्या वर्षीचं राहून गेलं असेल तर आधार निष्क्रिय होऊ शकतं आणि मग वरचं काहीच चालत नाही. आधार केंद्र गाठा, मोबाइल नंबरही त्याच फेरीत अद्ययावत करा.

दुरुस्ती झाल्यावर रक्कम आपोआप येईल अशी वाट बघत बसू नका. परत गेलेली देयकं विभागाला पुन्हा पाठवावी लागतात. सीडिंग स्टेटसची प्रिंट आणि अर्ज क्रमांक जोडून महाविद्यालयाला लेखी द्या : "खाते दुरुस्त झाले आहे, देयक पुन्हा पाठवण्याबाबत कळवावे."

आले, पण कमी आले

ईबीसीत मुलांना शिक्षण शुल्काच्या ५० टक्केच मिळतात. मुलींना मात्र ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी १०० टक्के शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काचा लाभ आहे. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि प्रवेश कॅपमधून (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) हवा. "मुलींचं शिक्षण मोफत" असं ऐकून प्रवेश घेतला आणि महाविद्यालयाने विकास शुल्क, ग्रंथालय, अनामत असे आकडे पुढे केले, ही तक्रार त्यामुळेच येते. योजना शिक्षण आणि परीक्षा शुल्कापुरती आहे. पण शिक्षण शुल्कच 'आधी भरा, नंतर परत देऊ' म्हणून मागत असतील तर ते चूक. तसं लेखी मागा, म्हणजे मागणी बहुधा तिथेच विरते.

अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत २०२१ मध्ये केंद्राने पद्धत बदलली. खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा, आणि केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात. दोन्ही वाटे एकाच दिवशी येत नाहीत, म्हणून निम्मेच पैसे आल्यासारखे वाटतात. महत्त्वाचं असं, की या केंद्राच्या रकमेत महाविद्यालयाच्या शुल्काचाही भाग असतो आणि तो जमा झाल्यापासून सात दिवसांत महाविद्यालयात भरायचा असतो. घरात अडचण असते, मोठी रक्कम दिसली की ती उसनवारी फेडायला जाते, हे समजण्यासारखं आहे. पण मग पुढच्या सत्राला निकाल अडवतात, दाखला अडवतात आणि त्या वेळी कुणी मदतीला येत नाही. पैसे आल्याबरोबर शुल्काचा हिशेब महाविद्यालयाकडून लेखी मागून तेवढे भरून टाका, उरलेला निर्वाह भत्ता तुमचा.

दुसऱ्या वर्षी का अडतं

नूतनीकरण आपोआप होत नाही. दरवर्षी अर्ज करायचा असतो आणि तो करण्याआधी प्रोफाइल बदलायचं असतं. मुलं नेमका हा आधीचा भाग विसरतात. 'करंट कोर्स'मध्ये अजून पहिलं वर्ष चालू दिसतं, निकाल भरलेला नसतो, मग योजनाच समोर येत नाही किंवा येते ती 'नवीन' म्हणून. मागच्या वर्षाचा निकाल, टक्केवारी, पास की एटीकेटी हे भरून चालू वर्ष जोडा आणि मगच योजना निवडा. पदविका करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांनी पूर्वशिक्षणात बारावीऐवजी पदविका नीट नोंदवावी आणि प्रवेशाचं वर्ष दुसरं टाकावं. यांचे अर्ज परत येण्याचं प्रमाण डोळ्यांत भरण्याइतकं असतं.

आपला अभ्यासक्रमच यादीत दिसत नसेल तर चूक तुमची नाही. महाविद्यालयाने तो पोर्टलवर जोडलेला नाही किंवा त्याचं मंजूर शुल्क भरलेलं नाही. जवळपासचं नाव निवडून वेळ मारून नेऊ नका, लिपिकाला सांगा.

एटीकेटीला मुलं उगाच घाबरतात. पुढच्या वर्गात प्रवेश मिळालेला असेल तर अर्ज करता येतो. वर्ष वाया गेलं, त्याच वर्गात पुन्हा बसावं लागलं, तर त्या वर्षाचे पैसे दुसऱ्यांदा मिळत नाहीत, पुढच्या वर्गात गेल्यावर पुन्हा सुरू होतात. ईबीसीला आणखी अटी आहेत : मागच्या सत्रात किमान ५० टक्के हजेरी, शिक्षणात दोन वर्षं किंवा त्याहून मोठा खंड नको, आणि कुटुंबातल्या पहिल्या दोन अपत्यांनाच लाभ. तिसऱ्या भावंडाने अर्ज करून वर्षभर वाट बघितल्याची उदाहरणं आहेत. ही अट सुरुवातीलाच वाचली असती तर दुसरा मार्ग शोधायला वेळ मिळाला असता.

उत्पन्नाचा दाखला

दाखला तहसीलदारांचा हवा आणि त्यावरची 'पर्यंत वैध' ही तारीख बघायची. फेब्रुवारीत घाईने काढलेला एक वर्षाचा दाखला ३१ मार्चला संपतो आणि जूनमध्ये प्रवेशाला निरुपयोगी ठरतो. नव्या आर्थिक वर्षात, एप्रिल-मेमध्येच काढून ठेवा. तेव्हा सेतूत रांगही नसते. जमत असेल तर तीन वर्षांचा काढा. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली या दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे, त्यानंतर अपील करता येतं. पोर्टलवर दाखल्याचा बारकोड क्रमांक भरताना नाव, रक्कम आपोआप येते. ती आली नाही तर स्कॅन जोडण्याआधी एखादा आकडा चुकलाय का बघा.

अनुसूचित जातीच्या मुलांसाठी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. शिष्यवृत्तीची मर्यादा अडीच लाख आहे. वडिलांचं उत्पन्न त्याच्या थोडं वर गेलं की कुणीतरी "कमीचा दाखला काढून देतो" म्हणतं. गरजच नाही. अडीच लाखांच्या वर असलेल्यांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची 'फ्रीशिप' आहे. निर्वाह भत्ता मिळत नाही, पण शुल्क सुटतं. खोटा दाखला पकडला गेला तर वसुली होते आणि पुढचे मार्गही बंद होतात.

लॉगिनच होत नाही

'या आधारवर प्रोफाइल आधीच आहे' असा संदेश आला तर नवं खातं काढायची खटपट सोडा. जुनं वापरकर्ता नाव आधारच्या ओटीपीने परत मिळवता येतं, अट एवढीच की आधारला तुमचा चालू मोबाइल जोडलेला हवा. दोन प्रोफाइल असतील तर आधीचे अर्ज ज्यावर आहेत तेच चालवा.

केंद्राच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलचं गणित थोडं वेगळं. बारावीत आपल्या मंडळात ८० पर्सेंटाइलच्या वर आणि उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असणाऱ्यांना तिथे पदवीच्या पहिल्या तीन वर्षांना दरवर्षी १२ हजारांची शिष्यवृत्ती मिळते. ती टिकवायला ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. तिथे 'डिफेक्टिव्ह' दिसलं तर महाविद्यालयाने त्रुटी काढून परत पाठवलंय असं समजा. ती घेत असाल तर महाडीबीटीवर त्याच वर्षी दुसरी शिष्यवृत्ती घेऊ नका. आधारमुळे दोन्ही दिसतात. ईबीसीबरोबर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता मात्र चालतो, कारण एक शुल्काची योजना आहे आणि दुसरी राहण्याची.

तरीही सुटत नसेल तर

महाविद्यालयाकडून अर्ज पुढे गेलेला आहे, सीडिंग चालू आहे, खातं ठीक आहे, आणि तरी काही हलत नाही, एवढं स्पष्ट झाल्यावरच वर जा. आणि योग्य दारात जा. अनुसूचित जातीसाठी जिल्ह्याचे सहायक आयुक्त, समाजकल्याण. आदिवासी विद्यार्थ्यांनी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या प्रकल्प अधिकाऱ्यांकडे. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीसाठी (विशेष मागास प्रवर्ग) इतर मागास बहुजन कल्याण विभागाचं जिल्हा कार्यालय. ईबीसीत अभियांत्रिकी, फार्मसी, पदविका असेल तर तंत्रशिक्षण सहसंचालक, कला-वाणिज्य-विज्ञान असेल तर उच्च शिक्षण सहसंचालक. चुकीच्या दारात महिनाभर गेलेला वेळ कुणी मोजत नाही.

जाताना अर्ज क्रमांक, स्टेटसची प्रिंट, सीडिंग स्टेटसची प्रिंट आणि पासबुकाची गेल्या सहा महिन्यांची पानं न्या. तक्रार पोर्टलवरच्या तक्रार विभागातही टाका आणि तिचा क्रमांक कागदावर लिहा. मागच्या वर्षीचा अर्ज राहिलाच असेल किंवा बाद झाला असेल तर पोर्टल अधूनमधून मागच्या वर्षासाठी 'री-अप्लाय' खुलं करतं. त्याची सूचना महाविद्यालयाच्या लॉगिनला येते, म्हणून लिपिकाकडे आपलं नाव आणि नंबर लिहून ठेवा. पैसे सोडवून देतो म्हणून फोनवर ओटीपी मागणारा कुणी भेटला तर फोन ठेवून द्या, देयक पुन्हा पाठवायला विभागाला तुमचा ओटीपी लागत नाही.